पथ्य, पुरावा आणि दोष : मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या आहारग्रंथांची चिकित्सा



या मालिकेत आपण कार्यकारणभाव, अनुमान, प्रामाण्य असे विषय घेत आलो. आज तीच हत्यारं घेऊन एका अगदी प्रत्यक्षातल्या प्रश्नाकडे जायचंय. काही श्रोत्यांच्या घरात मल्टिपल स्क्लेरॉसिस हा आजार आहे. त्यांनी विचारलं, की आहार बदलला की हा आजार आटोक्यात येतो असं सांगणारी पुस्तकं आहेत, त्यांचे लेखक स्वतः डॉक्टर आहेत, मग त्यांवर विश्वास ठेवावा की नाही?

आधी एक खुलासा. माझ्या नावामागे डॉक्टर आहे ते तत्त्वज्ञानातलं. त्याच्या जोरावर मला कोणाला तापाची गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. तेव्हा कोणी काय खावं, कोणतं औषध घ्यावं, हे मी सांगणार नाही. पण ही पुस्तकं नुसत्या पाककृती देत नाहीत, ती युक्तिवाद करतात. अमुक केलं म्हणून तमुक झालं, असं म्हणतात. आणि युक्तिवाद तपासणं हे मी चाळीस वर्षं वर्गात करत आलोय. तेवढ्याच अधिकारानं बोलतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आजाराबद्दल थोडं. आपल्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं ना, साधारण तसं समजा. या आजारात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणा त्या आवरणावर हल्ला करते. जिथे हल्ला होतो तिथे व्रण पडतो, तो भाग निबर होतो. असे व्रण अनेक ठिकाणी पडतात म्हणून नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस. पॅरिसच्या झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराची पद्धतशीर मांडणी केली. एका डोळ्याची दृष्टी अंधूक होणं, हातापायांना मुंग्या येणं, तोल जाणं, विलक्षण थकवा, अशी लक्षणं असतात. बहुतेकांना तरुणपणी, वीस ते चाळीस या वयात तो गाठतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दुप्पट-तिप्पट आढळतो. जगात सुमारे २८ लाख लोकांना तो आहे असा २०२० चा अंदाज आहे.

आता आजच्या चर्चेसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये हा आजार सुरुवातीला भरती-ओहोटीसारखा येतो. एक झटका येतो, काही आठवडे राहतो, आणि मग पुष्कळदा आपोआप ओसरतो. पुढचा झटका सहा महिन्यांनी येईल की सहा वर्षांनी, कोणी सांगू शकत नाही.

तर्काच्या दृष्टीनं ही फार निसरडी जमीन आहे. माणूस पथ्य कधी सुरू करतो? सगळं छान चाललेलं असताना नाही. झटका आलाय, दिसत नाहीये, पाय उचलत नाहीये, तेव्हा तो पुस्तक उघडतो आणि लोणी सोडतो. आणि नेमक्या त्याच वेळी आजाराची ओहोटी सुरू व्हायची असते. दोन महिन्यांनी दृष्टी परत येते. लोणी सोडलं आणि दिसायला लागलं! आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. इथे कावळा खोटं बोलत नाही. तो खरंच बसला होता, आणि फांदीही खरंच मोडली. संबंध मात्र आपण जोडला.

म्हणून या विषयात 'मी बरा झालो' या वाक्याला प्रामाणिक असूनही पुराव्याचं वजन फार कमी असतं. सांगणारा खोटारडा आहे असं अजिबात नाही. हा आजारच असा आहे, की कोणत्याही उपचाराला अधूनमधून यश दाखवतो.

आता आपण पहिल्या ग्रंथकाराकडे वळू. डॉ. रॉय स्वँक. जन्म १९०९, निधन २००८. म्हणजे नव्व्याण्णव वर्षं जगले. त्यांनी नॉर्वेमध्ये पाहणी केली आणि १९५२ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांना असं दिसलं, की समुद्रकाठच्या मासेमार वस्त्यांमध्ये हा आजार कमी आहे आणि आतल्या भागातल्या शेतकरी वस्त्यांमध्ये जास्त आहे. किनाऱ्यावरचे लोक मासे खातात. आतले लोक दूध, लोणी, मांस खातात. तेव्हा त्यांचा तर्क असा, की प्राण्यांपासून मिळणारी संपृक्त चरबी या आजाराला पोसत असावी.

त्याच सुमारास, १९४८ च्या अखेरीपासून, मॉन्ट्रियलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी रुग्णांना कमी चरबीचा आहार द्यायला सुरुवात केली. पुढे ते ओरेगॉनला गेले, पण रुग्णांचा मागोवा सोडला नाही. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी १४४ रुग्णांची ३४ वर्षांची हकीकत छापली. निष्कर्ष असा, की दिवसाला २० ग्रॅम किंवा त्याहून कमी चरबी खाणाऱ्यांची प्रकृती पुष्कळच कमी ढासळली आणि त्यांच्यातले मृत्यूही खूप कमी झाले. जास्त खाणाऱ्यांचं उलट झालं. आणि ज्यांनी अपंगत्व अगदी कमी असताना पथ्य सुरू करून पाळलं, त्यांच्यातले ९५ टक्के जिवंत आणि हिंडतेफिरते राहिले.

ऐकल्यावर छाती दडपते ना? चौतीस वर्षं! आजकाल चौतीस आठवडे कोणी एका गोष्टीला चिकटून राहत नाही. स्वँक यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि तो मी पातळ करून सांगणार नाही. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा या आजाराची गती बदलणारं एकही औषध नव्हतं. असं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत मान्य झालं ते १९९३ मध्ये. म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस वर्षं, जेव्हा बाकीचे डॉक्टर 'घरी जा, विश्रांती घ्या' म्हणत होते, तेव्हा हा माणूस रुग्णाला काहीतरी करायला देत होता आणि त्याची नोंद ठेवत होता.

पण आदर वेगळा आणि अनुमान वेगळं. अनुमानात तीन जागा कच्च्या आहेत.

पहिली जागा नॉर्वेची. मासे खाणाऱ्यांत आजार कमी, हे निरीक्षण. पण माशांत चरबी वेगळ्या प्रकारची असते, तसंच ड जीवनसत्त्वही भरपूर असतं. पुढच्या काळात अनेक संशोधकांचं लक्ष चरबीवरून या जीवनसत्त्वाकडे आणि सूर्यप्रकाशाकडे गेलं, कारण विषुववृत्तापासून दूर जावं तसा हा आजार सामान्यपणे वाढत जाताना दिसतो. म्हणजे निरीक्षण एकच, पण कारणं दोन संभवतात. लोण्याचा दोष आहे की माशाचा गुण आहे? नुसत्या नकाशावरून ते ठरत नाही.

दुसरी जागा त्या ९५ टक्क्यांची. हा आकडा काढताना इतर आजारांनी वारलेल्यांना हिशेबातून वगळलेलं आहे. हे त्यांनी लपवलेलं नाही, शोधनिबंधाच्या सारांशातच लिहिलंय. पण निबंधातून आकडा लोकांच्या तोंडी जाताना ती अट गळून पडते, आणि आकडा एकटाच फिरत राहतो.

तिसरी जागा सगळ्यात मोठी. इथे मी तुम्हाला न्यायदर्शनातली एक जुनी गोष्ट आठवण करून देतो. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती बरोबर. पण उलट म्हणा, जिथे अग्नी तिथे धूर. हे चुकतं. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद लोखंडाचा गोळा घ्या, अग्नी आहे पण धूर नाही. कारण धूर व्हायला अग्नीबरोबर ओलं सरपण लागतं. आपल्याला वाटलं अग्नीमुळेच धूर, पण मध्ये एक अट लपलेली होती. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. पाश्चात्त्य संख्याशास्त्रानं हीच गोष्ट विसाव्या शतकात वेगळ्या नावानं मांडली. आपल्याकडे ती शेकडो वर्षं वर्गात शिकवली जात होती. याचा अभिमान जरूर बाळगा, पण वापरही करा!

तर वापरून पाहू. स्वँक म्हणतात, ज्यांनी पथ्य पाळलं ते टिकले, ज्यांनी मोडलं ते ढासळले. यात उपाधी कुठे आहे? हे दोन गट डॉक्टरांनी चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते. पथ्य सगळ्यांनाच सांगितलं होतं. गट पडले ते रुग्णांच्या वागण्यानं. आता विचार करा, वर्षानुवर्षं काटेकोर पथ्य कोणाला जमतं? ज्याचा आजार मुळात सौम्य आहे, ज्याच्या हातात बळ आहे, ज्याला घरात कोणी करून घालतं, ज्याच्या मनाला उभारी आहे. ज्याचा आजार आतून बळावत चाललाय, तो थकतो, खचतो आणि मग पथ्य मोडतो. म्हणजे पथ्य मोडलं म्हणून ढासळला, की ढासळत होता म्हणून पथ्य मोडलं? बाणाचं टोक कुठल्या बाजूला आहे?

तुम्ही म्हणाल, सर, हा नुसता तार्किक काथ्याकूट झाला. नाही. याचा प्रत्यक्ष पुरावा आहे, आणि तो वेगळ्याच आजाराच्या अभ्यासातून आला आहे. अमेरिकेत कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाची मोठी चाचणी झाली होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले पुरुष घेतले. काहींना क्लोफायब्रेट नावाचं औषध दिलं, काहींना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी दिली. १९८० मध्ये त्यांनी एक विश्लेषण छापलं. औषध घेणाऱ्यांत ज्यांनी गोळ्या नेमानं घेतल्या, त्यांच्यातले पाच वर्षांत १५ टक्के वारले. अनियमित घेणाऱ्यांतले जवळजवळ २५ टक्के. वाटेल, वा, औषध गुणकारी! पण आता पोकळ गोळीचा गट पाहा. ती नेमानं घेणाऱ्यांतलेही सुमारे १५ टक्केच वारले, आणि अनियमित घेणाऱ्यांतले सुमारे २८ टक्के.

नीट ऐका. गोळीत काहीच नव्हतं. तरी ती नेमानं घेणारे जास्त जगले. कारण नेम पाळू शकणारा माणूसच मुळात वेगळा असतो. स्वँक यांच्या आकड्यांत चरबीचा परिणाम किती आणि या नेमाचा किती, हे वेगळं काढायला त्यांच्याकडे काही साधनच नव्हतं. तुलनेसाठी पथ्य न दिलेला गट त्यांनी ठेवला नव्हता.

यावरून चरबीचा काही संबंध नाही असं सिद्ध होतं का? होत नाही. सिद्ध एवढंच होतं, की या अभ्यासावरून तो संबंध ठरत नाही. न्यायालयात 'निर्दोष' आणि 'गुन्हा शाबीत झाला नाही' यांत फरक असतो, तसंच.

आता दुसऱ्या ग्रंथाकडे वळण्याआधी एका नाटककाराची हकीकत. रॉजर मॅकडूगल हे स्कॉटलंडचे. 'द मॅन इन द व्हाइट सूट' या गाजलेल्या चित्रपटाच्या लेखनात त्यांचा वाटा होता. १९५० च्या दशकात त्यांना या आजाराचं निदान झालं, प्रकृती फार बिघडली. त्यांनी स्वतःच विचार करून गहू आणि ग्लूटेन असलेली धान्यं सोडली, साखर आणि प्राणिज चरबी कमी केली, जीवनसत्त्वं घेतली. हळूहळू ते पुष्कळ सुधारले आणि त्यांनी ती कहाणी लिहिली. ब्रिटनमध्ये या आजारासाठी गहू सोडण्याची जी लाट आली, तिच्या मुळाशी ती कहाणी आहे.

आणि आता आपल्या काळातल्या डॉ. टेरी वॉल्स. या आयोवा विद्यापीठातल्या डॉक्टर. २००० मध्ये निदान झालं, काही वर्षांत त्या मागे कलणाऱ्या चाकाच्या खुर्चीत आल्या. मग त्यांनी स्वतःसाठी एक आहार रचला आणि वर्षभरात त्या चालू लागल्या, सायकलही चालवू लागल्या. २०११ मध्ये त्यांनी टेडएक्सच्या व्यासपीठावर दिलेलं भाषण जगभर पसरलं. २०१४ मध्ये 'द वॉल्स प्रोटोकॉल' हे पुस्तक आलं. त्यांचा आहार काय? रोज नऊ कप भाज्या आणि फळं : तीन कप हिरव्या पालेभाज्या, तीन कप कांदा-कोबी-लसूण या गंधकयुक्त वर्गातल्या, तीन कप रंगीत. शिवाय मांस, मासे, काळीज वगैरे, समुद्री शेवाळ. गहू बंद, दूध बंद, अंडी बंद.

पुस्तक वाचायला प्रभावी आहे, कारण लेखिका जे भोगलं ते सांगते आणि कष्टाळू आहे. पण तिथेही उपाधी शोधा. त्या काळात त्या विजेच्या साहाय्यानं स्नायूंना चेतना देणारा उपचार घेत होत्या आणि व्यायामही करत होत्या. त्यांनी हे लपवलेलं नाही. २०१४ मध्ये त्यांनी जो पहिला छोटा अभ्यास छापला, त्यातही आहार, व्यायाम, विद्युत-चेतना, मनःशांतीचे उपाय हे सगळं एकत्र होतं. चार जणांनी मिळून गाडी ढकलली आणि ती सुरू झाली, तर कोणामुळे सुरू झाली? पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र श्रेय मुख्यतः ताटाला मिळतं.

आता हे तिघे शेजारी शेजारी बसवा. स्वँक म्हणतात, पहिलं वर्षभर लाल मांस पूर्ण बंद, चरबी मोजून, पण धान्य आणि पाव चालेल. वॉल्स म्हणतात, मांस खा, काळीज खा, पण धान्यातलं ग्लूटेन नको. मॅकडूगल यांचा रोख गव्हावर. एकाचं पथ्य ते दुसऱ्याचं कुपथ्य! आणि तिघांकडेही बरे झालेले लोक आहेत.

तर्कदृष्ट्या याचे अर्थ दोनच संभवतात. एक, आहाराचा आजाराच्या मूळ गतीशी फारसा संबंध नाही; बरं वाटण्याची कारणं दुसरीकडे आहेत. दोन, संबंध आहे, पण तो या तिघांत जे समान आहे त्यात आहे, वेगळं आहे त्यात नाही. समान काय आहे? पाकिटातले पदार्थ, साखर, तळण बंद, घरचं ताजं अन्न, वजन आटोक्यात, आणि स्वतःच्या शरीराकडे रोज लक्ष. मिलच्या तर्कशास्त्रातली अन्वयपद्धती तुम्हाला आठवत असेल, ती इथे लागू पडते. तिघांच्याही अनुयायांना बरं वाटलं असेल, तर त्यात न जुळणाऱ्या गोष्टींना श्रेय देता येत नाही.

आणि हे नुसतं माझं कोडं नाही, त्याची परीक्षा झाली आहे. वॉल्स यांच्याच गटानं, अमेरिकेच्या नॅशनल एमएस सोसायटीच्या पैशानं, एक चाचणी केली आणि २०२१ मध्ये छापली. भरती-ओहोटीचा आजार असलेले ऐंशीच्या आसपास रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे अर्धे स्वँक यांच्या आहारावर, अर्धे वॉल्स यांच्या आहारावर. बारा आठवड्यांनी काय झालं? थकवा दोन्ही गटांत कमी झाला, आणि दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. चोवीस आठवड्यांनी थकव्याच्या एका मोजपट्टीवर वॉल्स यांचा गट थोडा पुढे होता. पण नेहमीचं जेवण जेवणारा तिसरा गट त्यात नव्हता. आणि आपण कोणता आहार घेतोय हे रुग्णाला अर्थातच माहीत होतं. काळीज खातोय की ओट्स, हे कसं लपवणार?

दुसरी चाचणी त्याच ओरेगॉनमधली, जिथे स्वँक यांनी उर्वरित आयुष्य घालवलं. २०१६ मध्ये छापलेली. ६१ रुग्ण, काहींना अत्यंत कमी चरबीचा, पूर्ण वनस्पतिजन्य आहार, इतरांना नेहमीचं जेवण. एक वर्ष. एमआरआयमध्ये मेंदूतले नवे व्रण : फरक नाही. झटक्यांची संख्या : फरक नाही. अपंगत्व : फरक नाही. वजन आणि कोलेस्टेरॉल कमी झालं, थकवा कमी झाला. चाचणी लहान होती, एकाच वर्षाची होती, तेव्हा बारीकसा परिणाम तिच्या चाळणीतून निसटू शकतो, हे मान्य. कॉक्रेन या संस्थेनं २०२० मध्ये अशा सगळ्या चाचण्या एकत्र चाळल्या, आणि आहारामुळे झटके, अपंगत्व यांत फरक पडतो की नाही हे सांगायला पुरेसा पुरावा नाही, असंच म्हटलं.

मग हाती काय लागलं? थकवा कमी होतो. मला कोणी म्हटलं, की 'एवढंच?', तर मी म्हणेन की एवढंच म्हणू नका. या आजारातला थकवा म्हणजे दिवसभर काम केल्यानंतरचा शीण नव्हे. सकाळी उठल्यावर दात घासून परत अंथरुणावर पडावं लागेल असा तो असतो. त्यात उतार पडत असेल तर ती मोठी गोष्ट आहे. शिवाय वजन, रक्तदाब, मधुमेह, हृदय यांची काळजी घेतली तर या रुग्णांनाही फायदाच आहे. पण 'मला कमी थकवा वाटतो' हे एक विधान आणि 'माझा आजार थांबला' हे दुसरं. पहिल्या विधानाचा पुरावा दाखवून दुसरं विधान पदरात घालणं, हा या पुस्तकांचा आणि त्यांच्या अनुयायांचा मुख्य दोष. आणि तो तर्कात राहत नाही, घरात शिरतो.

कसा, ते आता सांगतो. माझ्या मते आजच्या विषयातला खरा धोका इथे आहे.

समजा एखाद्यानं पथ्य सुरू केलं आणि त्याला बरं वाटलं. श्रेय कोणाचं? पथ्याचं. समजा त्याला पुन्हा झटका आला. दोष कोणाचा? पथ्याचा म्हणता येत नाही, कारण मग उत्तरं तयार असतात. तू उशिरा सुरू केलंस. तू काटेकोर पाळलं नसशील. लग्नाला गेला होतास, तिथे काही खाल्लंस का? बाहेरच्या भाजीत लोणी असेल. पॉपर यांचं म्हणणं आपण मागे पाहिलं होतं : जो सिद्धान्त कुठल्याच परिस्थितीत खोटा ठरू शकत नाही, तो विज्ञानाचा सिद्धान्त नव्हे. इथे पथ्य कधीच हरत नाही. हरतो तो रुग्ण.

आणि आपल्या मराठी घरांत यासाठी जमीन तयारच असते. 'पथ्य' हा शब्दच बघा. पथाला धरून ते पथ्य. ते मोडणारा वाट सोडणारा. आजारी माणसाला भेटायला आलेला माणूस पहिलं काय विचारतो? 'काय खाल्लं होतंस?' म्हणजे चौकशी सुरू होते तीच तपासाच्या सुरात. साध्या अपचनात ते ठीक आहे, तिथे खाल्लेल्याचा संबंध असतोच. पण ज्या आजारात स्वतःच्या प्रतिकारशक्तीनंच स्वतःवर हल्ला केलाय, तिथे तिशीतल्या मुलीला 'तूच काहीतरी चुकलीस' हे ऐकवणं म्हणजे आजारावर गुन्ह्याचा शिक्का मारणं आहे. सुसान सोंटाग यांनी १९७८ च्या 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' मध्ये कर्करोगाच्या संदर्भात हेच दाखवलं होतं, की कारण नीट कळत नाही अशा आजारात माणसं रुग्णाच्या स्वभावात कारण शोधू लागतात. इथे स्वभावाऐवजी ताट आलं, एवढाच फरक.

खरं तर कारणाचा शोध पुढे गेला आहे. २०२२ मध्ये 'सायन्स' मध्ये एक अभ्यास आला. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी त्यात होत्या. एपस्टाइन-बार या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर या आजाराचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढलेला दिसला. तो विषाणू जगातल्या बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होतो, आणि त्यातल्या फारच थोड्यांना हा आजार. म्हणजे एकटा तोही पुरेसा नाही. अनुवंश, ड जीवनसत्त्व, धूम्रपान, पौगंडावस्थेतली स्थूलता, असे इतर धागे आहेत. पण एवढं तरी दिसतं, की आजारी मुलीनं गेल्या दिवाळीत खाल्लेल्या चकल्या या खटल्यात आरोपी नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी या ग्रंथांच्या पाककृतींमध्ये दिसत नाही. रुग्णांत बायका जास्त. रोज नऊ कप भाज्या निवडणार, धुणार, चिरणार कोण? ज्या घरात आजारी तीच आणि स्वयंपाकीणही तीच, तिथे 'स्वतःची काळजी घे' या वाक्याचा अर्थ 'आणखी दोन तास उभी राहा' असा होतो. घरच्यांसाठी एक स्वयंपाक आणि हिच्यासाठी वेगळा. थकवा कमी करणाऱ्या आहाराचा हिशेब करताना तो शिजवण्याचा थकवा कुठल्या रकान्यात धरायचा? ज्या घरांना हे पथ्य करून पाहायचंय, त्यांनी आधी चाकू कोणाच्या हातात राहणार ते ठरवावं.

आणि सगळ्यात गंभीर मुद्दा वेळेचा. आज या आजाराची गती कमी करणारी वीसेक औषधं आहेत. ती आजार मुळापासून घालवत नाहीत, त्यांचे दुष्परिणाम आहेत, ती महाग आहेत, हे सगळं खरं. पण झटके आणि नवे व्रण ती कमी करतात, हे तुलनेचा गट ठेवून, चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांत दिसलंय. मेंदूतला जो तंतू कायमचा गेला, तो परत आणता येत नाही. म्हणून 'आधी वर्षभर पथ्य करून बघतो, नाही जमलं तर औषध घेतो' हा क्रम दिसतो तितका निरुपद्रवी नाही. ते वर्ष ओहोटीचं असेल, तर पथ्यावरची श्रद्धा वाढेल. आणि आत, न दिसणारे व्रण वाढतच राहतील. कसोटी मात्र दोघांना एकच लावा. औषध कंपनीनं तुलनेच्या गटाशिवाय आकडे दाखवले तर तुम्ही विश्वास ठेवाल का? मग पालेभाजीला सवलत का द्यायची?

थोडक्यात माझं मत. स्वँक यांचा ग्रंथ हा एका चिकाटीच्या डॉक्टरची वही म्हणून वाचावा. वॉल्स यांचा ग्रंथ एका धैर्यवान बाईची आत्मकथा म्हणून वाचावा. त्यांतून उमेद घ्यावी, भाजीच्या चार नव्या तऱ्हा घ्याव्यात. प्रमाण म्हणून मात्र त्यांच्याकडे जाऊ नये, आणि कोणाला दोषी ठरवण्यासाठी तर मुळीच जाऊ नये.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

प्रश्न : सर, औषध चालू ठेवून आहारही पाळला तर काय बिघडलं?

उत्तर : माझ्या दृष्टीनं तर्कात काहीच बिघडत नाही. फक्त तीन गोष्टी करा. आपल्या न्यूरॉलॉजिस्टला सांगा. आहार फार कडक असेल तर आहारतज्ज्ञाला दाखवा, कारण दूध, धान्य, मांस एकदम तोडलं तर कॅल्शियम, बी-१२ यांची उणीव होऊ शकते, आणि हाडांचा प्रश्न या रुग्णांत आधीच असतो. आणि तिसरं, सुरू करतानाच ठरवा की किती महिन्यांनी, कशावरून, हे उपयोगी पडलं की नाही ते पाहायचं. आधी ठरवलं नाही तर नंतर मन हवा तो निकाल लावतं.

प्रश्न : माझ्या सुनेला हा आजार आहे. ती सणाला पुरणपोळीवर तूप घेते. मी काही बोलत नाही, पण मनात भीती वाटते. बोलावं का?

उत्तर : ताई, तुमची भीती मायेची आहे. पण एका पुरणपोळीवरच्या तुपानं झटका येतो, असं दाखवणारा पुरावा माझ्या वाचनात नाही. तुम्ही जर बोललात, आणि पुढे कधी तिला झटका आला, जो आजाराच्या स्वभावानंच येऊ शकतो, तर ते तुमचं वाक्य तिला जन्मभर आठवेल. तेव्हा तूप वाढा. आणि तिची पुढची तपासणी कधी आहे ते विचारा, जमलं तर तिच्याबरोबर जा.

पुढच्या वेळी आपण 'उपाधी' याच विषयावर थोडं तपशिलात, ग्रंथांच्या आधारानं बोलू.